रक्ताच्या नळीपासून रिपोर्टपर्यंत: जेनेटिक मार्कर टेस्टचं ऑटोमेशन, आमच्या लॅबच्या नोंदी (पुणे, २०२५)

रोजच्या वहीतून उतरवून काढलंय. ज्यांच्याकडे कोविडच्या वेळी घेतलेलं एक्स्ट्रॅक्शन मशीन (सॅम्पलमधून डीएनए वेगळा काढणारं) आणि आरटी-पीसीआर पडून आहे, त्यावर आता जेनेटिक टेस्ट लावायच्यात पण मोठी तयार ऑटोमेटेड लाइन घ्यायची ऐपत नाही, अशा लॅबसाठी हे आहे. खर्च आमचे, अंदाजे, जीएसटी धरून. मशीनच्या कंपन्या मुद्दाम लिहिलेल्या नाहीत, या अडचणी कुठल्याही मशीनवर येतात.

३ मार्च, सोमवार

आज कुठून सुरुवात करतोय ते आधी. टेस्ट चार: क्लोपिडोग्रेल (रक्तात गुठळी होऊ न देणारं औषध) घेणाऱ्यांसाठी सीवायपी२सी१९ (त्यात *२, *३ आणि *१७ असे तीन बदल, पहिले दोन एन्झाइम बंद पाडणारे, तिसरा वेगवान करणारा), फॅक्टर फाइव्ह लायडन, प्रोथ्रॉम्बिन जी२०२१०ए (हे दोन्ही रक्त गोठण्याचा धोका वाढवणारे बदल), आणि सिकल सेलचं म्युटेशन. म्हणजे एकूण सहा प्रोब असे (इंग्रजी assay, एका बदलाची एक तपासणी). सगळे दोन रंगांच्या टॅकमन प्रोबवर (ठरावीक डीएनए सापडला की चमकणारे तुकडे), एक रंग नॉर्मल अलीलचा (जीनच्या रूपाचा), दुसरा बदललेल्या अलीलचा.

मागणी मुख्यतः पहिल्या टेस्टला. अँजिओप्लास्टी झाली की क्लोपिडोग्रेल, आणि ते औषध लिव्हरमध्ये सीवायपी२सी१९ या एन्झाइमने चालू व्हावं लागतं. ज्यांचं हे एन्झाइम चालतच नाही त्यांच्यात औषधाचा असर कमी पडतो, अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्येच त्यावर बॉक्समधली वॉर्निंग टाकली. *२ आपल्याकडे भरपूर सापडतो. कार्डिऑलॉजिस्टला रिपोर्ट दोन दिवसांत हवा असतो, आणि आम्ही आठवड्यातून एकदाच रन लावतो कारण हाताने सगळं करायला एक माणूस पूर्ण दिवस अडकतो.

सध्याची पद्धत: सॅम्पल येतं, रजिस्टरमध्ये नंबर, नळीवर मार्करने छोटा नंबर, एक्स्ट्रॅक्शनला परत वेगळा नंबर, मग डीएनएच्या बारक्या ट्यूबवर झाकणावर तो नंबर, मग वर्कशीटवर कुठल्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) काय, मग सॉफ्टवेअरमध्ये तेच परत टाइप, मग रिझल्ट बघून एलआयएसमध्ये (लॅबच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) हाताने टाइप. आज आमच्या सिनियर टेक्निशियनबरोबर बसून प्रत्येक ठिकाणी टिंब काढलं, जिथे जिथे माणूस एका जागचा नंबर वाचून दुसरीकडे लिहितो तिथे. कागद टिंबांनी भरला. पिपेटिंगच्या (मोजून द्रव उचलून टाकायच्या) पायऱ्या त्यामानाने थोड्या निघाल्या. हा कागद भिंतीवर लावलाय, पुढचं सगळं काम यावरच ठरणार. पिपेटिंग करणारा रोबो अजून यायचाय पण मला तरी वाटतंय की हातात पिपेट कोण धरतं यापेक्षा ही नळी कोणाची आहे हे शेवटपर्यंत कसं टिकतं, तेच खरं काम आहे.

७ मार्च, शुक्रवार

बारकोड. जुन्या स्टिकर प्रिंटरवरची लेबलं थर्मल कागदाची, म्हणजे रिबन नसते, कागदच उष्णतेने काळा होतो. फ्रिजमधून काढलेल्या नळीवर दव धरलं की आणि वरून स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं की पट्ट्या फिकट. एक नळी हातात घेऊन बघितली तर लेबलचा कोपरा उचकटलेला, त्याखाली कलेक्शन सेंटरचं जुनं लेबल, आणि दोन्हींच्या मध्ये पेनाने लिहिलेलं अर्धं आडनाव. स्कॅनर तिच्यावर नुसता पीं पीं करत राहिला.

रिबनवाला प्रिंटर आणि पॉलिस्टरची लेबलं घेतली, प्रिंटर १४ हजारांच्या आसपास. स्कॅनर तापकीर गल्लीतून, चौकोनी कोड वाचणारा, साडेपाच हजार. तिथे दुकानात जाताना स्वतःची नळी आणि स्वतःचं लेबल घेऊन जा, सपाट खोक्यावरचा कोड कुठलाही स्कॅनर वाचतो, १३ मिलिमीटरच्या गोल नळीवरचा नाही. आणि पट्ट्या नळीवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या यायला हव्यात, उभ्या लावल्या तर गोलाईमुळे कडेच्या पट्ट्या नजरेआड जातात. हे कलेक्शन सेंटरवाल्यांना फोटो काढून पाठवलं, तोंडी सांगून उपयोग होत नाही.

१३ मार्च, गुरुवार

आयडीचा घोळ. एलआयएसमधला सॅम्पल आयडी १२ आकडी, तारीख आणि सेंटर आणि अनुक्रमांक. पीसीआरच्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (रिझल्टच्या तक्त्याची साधी फाइल) काढली, कोणीतरी ती एक्सेलमध्ये उघडून नुसती सेव्ह केली, आणि आयडीच्या रकान्यात सगळीकडे २.५०३०७ई+११. म्हणजे त्या दिवशीची सगळी सॅम्पल एकाच आयडीची. हे दिसलं म्हणून बरं, एखाद्या स्क्रिप्टने ते मुकाट्याने आत घेतलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

दोन उपाय केले. आयडीच्या पुढे एक अक्षर लावलं, म्हणजे एक्सेल त्याला आकडा समजूच शकत नाही. आणि शेवटी एक चेक डिजिट, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून हिशोबाने निघणारा आकडा, कोणी हाताने टाइप करताना एक आकडा चुकवला तर स्क्रिप्ट तिथेच अडवते. आणि नियम: रिझल्टची फाइल एक्सेलमध्ये उघडायची नाही, बघायची असेल तर स्क्रिप्ट पीडीएफ काढून देते ती बघा.

आयडी बदलायला एलआयएसवाल्यांनी वेळ लावला आणि वर मशीन इंटरफेसचे सव्वा लाख सांगितले. सध्या इंटरफेस घेतला नाही. त्यांच्या सॉफ्टवेअरला एका ठरलेल्या फोल्डरमधली फाइल आपोआप उचलता येते हे त्यांच्याच सपोर्टच्या मुलाने सांगितलं, आमचं काम तेवढ्यात भागतं. तुमच्याकडे आधी हे विचारा.

२० मार्च, गुरुवार

रोबो आला. दुसऱ्या लॅबने बदलला म्हणून मिळालेला, दोन पिपेटचा, साडेसहा लाख. आणि आज गुरुवार, मेंटेनन्सला लाइट जायचा वार. पाण्याने ट्रायल चालू असताना लाइट गेली, जनरेटर यायला काही सेकंद, पीसीआर यूपीएसवर असल्याने तिला पत्ताही लागला नाही, पण रोबो थेट भिंतीच्या प्लगवर. परत चालू झाल्यावर तो शून्यावरून सुरू करायला तयार, प्लेटमधल्या कुठल्या वेल भरल्या होत्या याचा त्याला काही पत्ता नाही. खऱ्या रनमध्ये हे झालं तर? ८ मायक्रोलिटर वेलच्या तळाशी आहे की नाही हे डोळ्याने नक्की सांगता येत नाही.

यूपीएस घेतला (३८ हजार). आणि स्क्रिप्टमध्ये प्रत्येक डिस्पेन्सनंतर एक ओळ वेळेसकट लॉगमध्ये जाते. तरी नियम असा की मध्ये थांबलेली प्लेट फेकायची, पुढे चालू करायची नाही. रसायनाचे पैसे जातात, जाऊ देत.

२८ मार्च, शुक्रवार

पिपेटिंग तपासलं वजनाने, पाण्याचा १ मायक्रोलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम. एकेक थेंब तोलण्यापेक्षा एकाच ट्यूबमध्ये ८ मायक्रोलिटर अनेकदा टाकून एकूण वजन भागायचं, नाहीतर तराजूवर ठेवेपर्यंत उडून जातं. पाण्याने उत्तम आलं. मास्टर मिक्सने (पीसीआरच्या रसायनांचं मिश्रण) आलं नाही. त्यात ग्लिसरॉल असतं, एकतारी पाकासारखं टिपच्या आत चिकटून राहतं आणि हळूहळू खाली उतरतं, तोवर रोबो पुढच्या वेलवर गेलेला असतो. शेवटच्या रांगांमध्ये मिक्स कमी आणि शेवटच्या फुंकरीने बुडबुडे.

काय बदललं: ओढायचा वेग एकदम कमी, ओढल्यावर थोडं थांबायचं, लागतं त्यापेक्षा जास्त ओढून जास्तीचं टिपमध्येच ठेवायचं आणि शेवटची फुंकर बंद. वेलच्या भिंतीला टिप टेकवून उचलायची. मिक्स १५ टक्के जास्त बनवायचं, हाताने करताना १० पुरायचे पण रोबोला ट्यूबच्या तळाचं उचलता येत नाही. वाया जाणारं मिक्स हा खर्च कायमचा आहे, टेस्टची किंमत काढताना धरा.

७ एप्रिल, सोमवार

रक्त रोबोने उचलायचं हा बेत सोडला.

कारणं सगळी लिहिते कारण पुष्कळ जण इथेच पैसे घालतात. नळ्यांमध्ये रक्ताची पातळी वेगवेगळी, कुणाचं ३ मिली, कुणाचं जेमतेम १. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतही नीट उलटसुलट केली नसेल तर बारीक गुठळी असते. मोठ्या मशीनना दाबावरून गुठळी कळते, आमच्या रोबोला तसला सेन्सर नाही, तो गुठळी टिपला लटकवून तशीच डेकवरून फिरवतो. फ्रिजमधलं थंड रक्त दाट, कमी ओढलं जातं. आणि झाकण उघडलेल्या नळ्यांची रांग ठेवून वरून हात फिरणार, म्हणजे एका पेशंटचा थेंब दुसऱ्याच्या नळीत पडायची सोय आपणच करून देणार.

तेव्हा २०० मायक्रोलिटर रक्त माणूसच घालणार, कॅबिनेटमध्ये, पण असं: नळी स्कॅन केली की स्क्रीनवर डीप वेल प्लेटचं चित्र येतं आणि एकच वेल हिरवी होते, त्यात टाकायचं, पायाने पेडल दाबायचं, मगच पुढची नळी स्कॅन होते. पेडल साधा यूएसबीचा, ९०० रुपये. टेक्निशियनने दोनच दिवसांत सांगितलं की मान कमी दुखते, कारण वर्कशीट आणि प्लेट अशी वर-खाली नजर फिरवावी लागत नाही.

रोबो आता फक्त डीएनए पातळ करणं आणि पीसीआर प्लेट भरणं एवढंच करतो.

१६ एप्रिल, बुधवार

उन्हाळा. डेक उघडा, एसी चालू, हवा कोरडी ठणठणीत. १० मायक्रोलिटरची रिअॅक्शन, प्लेट भरायला रोबोला हातापेक्षा जास्त वेळ लागतो, तोवर पहिल्या रांगांमधलं पाणी उडतं. कडेच्या वेलचे कर्व्ह (पीसीआरचे चढते आलेख) वेडेवाकडे. त्यात कोरड्या हवेने स्टॅटिक, रिकाम्या टिप पिपेटलाच चिकटून राहतात, कचऱ्याच्या डब्यात पडतच नाहीत.

भोसरीच्या एका वर्कशॉपमधून अॅल्युमिनियमचा ब्लॉक करून घेतला, ९६ खळग्यांचा, फ्रिजरमध्ये गार करून डेकवर ठेवायचा, ७ हजार. एसीचा झोत डेकवरून वळवला, रोबोची खोकी अॅक्रिलिकने बंद केली. टिपचा डबा अर्थिंग केलेल्या धातूच्या पट्टीवर. आणि भरायचा क्रम बदलला, आधी सगळीकडे मिक्स, मग डीएनए शेवटी, आणि लगेच सील. आता बरंय.

२४ एप्रिल, गुरुवार

चेकरबोर्ड. बुद्धिबळाच्या पटासारखं एका वेलमध्ये भरपूर डीएनए, शेजारी नुसतं पाणी, अशी सगळी प्लेट. पाण्याच्या वेलमध्ये काही आलं तर रोबो सांडतोय.

आलं, आणि ठरावीक रांगेत आलं म्हणून कारण सापडलं. डीएनए घेतलेली टिप आपल्या वेलकडे जाताना उघड्या वेलवरून आडवी जात होती आणि टोकाला लटकलेला थेंब कधीतरी सुटत होता. डीएनए ओढल्यावर २ मायक्रोलिटर हवा ओढायची म्हणजे थेंब आत सरकतो, आणि रोबोचा रस्ता असा आखला की टिप अजून न भरलेल्या वेलवरून जातच नाही. त्यानंतरच्या चेकरबोर्डमध्ये पाणी कोरं. हा प्रयोग आता दर महिन्याला आणि रोबोचा कुठलाही पार्ट बदलला की.

९ मे, शुक्रवार

आता सगळ्यात जास्त वेळ ज्यात गेला ते.

जीनोटाइप ठरवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक प्लेटवरचे ठिपके (एक सॅम्पल, एक ठिपका) बघून त्यांचे गट पाडतं: नॉर्मल एका अंगाला, दोन बदललेल्या प्रती असलेले दुसऱ्या अंगाला, एकच असलेले मध्ये. *२ मध्ये हे छान चालतं कारण आपल्याकडे तिन्ही प्रकार भेटतात. पण फॅक्टर फाइव्ह लायडन भारतात दुर्मिळ, प्रोथ्रॉम्बिनवालं त्याहून, *३ पण कमीच. प्लेटवर सगळे पेशंट नॉर्मल. मग सॉफ्टवेअरला एकच ढग दिसतो आणि कधी तो ढगच उगाच दोन गटांत फोडतं, म्हणजे एखाद्या नॉर्मल माणसाला "एक प्रत बदललेली" असं लेबल. हाताने बघणारा माणूस ते बघताक्षणी ओळखतो. ऑटोमेशनमध्ये ते तसंच रिपोर्टला गेलं असतं.

उपाय दोन. प्रत्येक असेला प्रत्येक प्लेटवर तिन्ही प्रकारचे कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने), म्हणजे ढगाला तिन्ही दिशा माहीत. आणि सॉफ्टवेअरच्या गटांवर न विसंबता आमची पायथन स्क्रिप्ट दोन रंगांच्या गुणोत्तराचा कोन काढते, कंट्रोलच्या कोनाच्या ठरलेल्या पट्ट्यात असेल तरच नाव देते. पट्ट्यांच्या मधल्या जागेत पडलं तर "नो कॉल", सॅम्पल परत लावा. दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढे. शिवाय कर्व्ह ३२ सायकलच्या (पीसीआरच्या, डीएनए दुप्पट करणाऱ्या फेऱ्यांच्या) पुढे उगवला असेल तर कोन कितीही सुंदर असो, नो कॉल.

नो कॉल वाढले. वाढू देत. "माहीत नाही" म्हणता येणं हे मशीनला शिकवावं लागतं, ते आपण होऊन कधी म्हणत नाही.

१५ मे, गुरुवार

दुर्मिळ प्रकाराचे कंट्रोल आणायचे कुठून, तर बनवून घेतलेले डीएनएचे तुकडे. आणि ते आल्यापासून पाण्याच्या कंट्रोलमध्ये ३७-३८ सायकलला शेपटी उगवायला लागली.

हिशोब केला तेव्हा लक्षात आलं. पेशंटचा १० नॅनोग्रॅम डीएनए म्हणजे जीनोमच्या साधारण ३ हजार प्रती. पण ५०० बेसच्या बनवलेल्या तुकड्याच्या १ नॅनोग्रॅममध्ये १८० कोटींच्या वर प्रती. ट्यूबचं झाकण उघडताना उडालेला तुषारही पुरतो. आणि मास्टर मिक्समधलं यूएनजी एन्झाइम इथे कामाचं नाही, ते फक्त जुन्या पीसीआरमधून आलेला, युरासिल असलेला डीएनए तोडतं, बनवलेल्या तुकड्यात साधा थायमिन असतो, त्याला ते हात लावत नाही.

त्यामुळे सुकलेली पावडर विरघळवायचं काम वेगळ्या खोलीत, दुसऱ्या मजल्यावर, वेगळ्या पिपेटने, आणि तिथल्या माणसाने त्या दिवशी मिक्स बनवायच्या खोलीत यायचं नाही. पीसीआरच्या खोलीत येतो तो फक्त शेवटचा पातळ केलेला, पेशंटच्याच ताकदीचा कंट्रोल, एका रनला पुरेल एवढ्याच ट्यूबमध्ये. डेक आणि पिपेट ब्लीचच्या ताज्या पातळ द्रावणाने, मग पाण्याने, नाहीतर धातू खातं.

इथे एक धोक्याची गोष्ट, सगळ्यांनी वाचा: एक्स्ट्रॅक्शनच्या लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणारं द्रावण) ग्वानिडीन थायोसायनेट असतं. त्यावर ब्लीच ओतलं की विषारी वायू निघतात. एक्स्ट्रॅक्शनच्या टेबलाजवळ ब्लीचची बाटली ठेवूच नका, तो कचरा वेगळा. सफाईच्या मावशींना हे स्वतः उभं राहून दाखवलं, सूचना चिकटवून सोडून दिलं नाही.

२७ मे, मंगळवार

यंदा पाऊस मे मध्येच आला, काल पुण्यात मान्सून जाहीर झाला. गार ब्लॉकवर आता दव धरतं, प्लेटच्या तळाला पाणी, ते तसंच पीसीआरमध्ये गेलं की ब्लॉकच्या खळग्यात. ब्लॉक आता फ्रिजरऐवजी साध्या फ्रिजमधून काढायचा आणि प्लेट मशीनमध्ये घालण्यापूर्वी टिश्यूवर टेकवायची. खोलीत डिह्युमिडिफायर मागितलाय.

आज दुसरंही सापडलं. आमच्या पीसीआरमध्ये प्लेट उलटीही बसते, १८० अंशात फिरवून. एक कोपरा कापलेला असतो पण घाईत कोण बघतं. जुन्या आराखड्यात पाण्याचे कंट्रोल चारही कोपऱ्यांत होते, दिसायला नीटनेटकं, पण प्लेट फिरवली तरी कोपऱ्यात कोपराच येतो, कळणारच नाही. नवीन आराखडा: प्रत्येक असेला दोन उभे रकाने, डाव्या रकान्यात ए, बी, सी ला तीन कंट्रोल, डी ला पाणी, उरलेल्या १२ वेलमध्ये १२ पेशंट. प्लेट उलटी गेली तर पाण्याच्या जागी पेशंट येतात आणि सहाच्या सहा "पाणी" उगवतात, स्क्रिप्ट सगळी प्लेटच नाकारते. मुद्दाम उलटी घालून बघितली, नाकारली.

६ जून, शुक्रवार

जुनी पद्धत आणि नवी पद्धत समांतर चालू आहेत, तेच सॅम्पल दोन्हीकडे, एकमेकांचे रिझल्ट न बघता. एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) असेसरला आयएसओ १५१८९ या मानकाखाली हे कागद लागणारच, पण त्यांच्यासाठी नाही, आपल्याला झोप यावी म्हणून करा.

दोन सॅम्पल जुळली नाहीत. शेजारशेजारच्या नंबरची, एकाचा *१/*२ आणि दुसऱ्याचा *१/*१ (*१ म्हणजे बदल न सापडलेली प्रत), दुसऱ्या पद्धतीत बरोब्बर उलट. दोन्ही पेशंटच्या मूळ नळ्यांमधून नव्याने डीएनए काढून सँगर सीक्वेन्सिंगला (डीएनएचं एकेक अक्षर वाचण्याची पद्धत) बाहेर पाठवले. उत्तर नव्या पद्धतीच्या बाजूने आलं. जुन्या पद्धतीत झाकणावर लिहिलेल्या नंबरच्या दोन ट्यूब रॅकमध्ये अदलाबदल झाल्या होत्या. मॅडमनी (आमच्या पॅथॉलॉजिस्ट) मग जुने रिपोर्ट काढायला लावले, *२ च्या दोन प्रती म्हणून गेलेले जे जे होते त्यांतले ज्यांचा डीएनए शिल्लक होता ते सगळे परत लावले. सगळे जुळले. पण तो आठवडा लॅबमध्ये कोणी फारसं बोलत नव्हतं.

त्यानंतर जे कोणी "हाताने चाललंय की व्यवस्थित" म्हणत होते तेही नव्या पद्धतीच्या बाजूला आले.

१२ जून, गुरुवार

ओळख पटवायला आणखी एक तपासणी घालावी का यावर चर्चा झाली. एक सोपा मार्ग म्हणजे एक्स-वायचा मार्कर, फॉर्मवर लिहिलेलं लिंग आणि डीएनए जुळतंय का. मॅडमनी नाही म्हटलं आणि मला ते पटलं. पेशंटने ती तपासणी मागितलेली नाही, त्याची संमती नाही, आणि त्यातून एखाद्याला माहीत नसलेली फार खाजगी गोष्ट आमच्या हातात येऊ शकते. त्याऐवजी नियम असा की दोन प्रती बदललेल्या निघाल्या की मूळ नळीतून पुन्हा डीएनए काढून पुन्हा टेस्ट, मगच रिपोर्ट.

फॉर्मवर मात्र एक प्रश्न वाढवला: बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय का? झालं असेल तर रक्तातला डीएनए दात्याचा असतो, पेशंटच्या लिव्हरमधला जीन काय आहे ते रक्तावरून सांगता येत नाही. लिव्हर ट्रान्सप्लांटचं उलट, रक्त पेशंटचं आणि लिव्हर दुसऱ्याचं. अशी सॅम्पल ऑटोमेशनमध्ये जातच नाहीत, आधी डॉक्टरांना फोन. गर्भाच्या सॅम्पलना तर हा रस्ता बंदच आहे, त्याला पीसीपीएनडीटीचं (गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या कायद्याचं) वेगळं रजिस्ट्रेशन लागतं आणि ते काम आम्ही करत नाही.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, पिंपरी आणि हडपसरची सॅम्पल रात्री उशिरा आली, सॅम्पल आणणारे काका शेवटचा पट्टा चालत आले, खांद्यावर बर्फाचा डबा. ईडीटीए रक्त थंड ठेवलं तर जीनोमिक डीएनएसाठी काही दिवस आरामात चालतं, त्यामुळे टेस्टचं काही बिघडलं नाही. पण दोन नळ्या हिरव्या झाकणाच्या, हेपॅरिनच्या. हेपॅरिन पीसीआर अडवतं. स्कॅनला आयडी बरोबर आला म्हणून सिस्टीमने घेतल्या असत्या, झाकणाचा रंग तिला दिसत नाही. आता पेडल दाबायच्या आधी स्क्रीन विचारते, झाकण जांभळं आहे का, आणि हो म्हणावं लागतं.

४ जुलै, शुक्रवार

रिपोर्ट. तिन्ही बदलांवरून *१/*२ वगैरे जोडी स्क्रिप्ट तक्त्यावरून काढते आणि सीपीआयसीच्या (जीनवरून औषध ठरवायला गाइडलाइन देणारा गट) गाइडलाइनप्रमाणे मेटाबोलायझरचा प्रकार, म्हणजे एन्झाइम किती वेगाने चालतं ते, लिहिते. *२ आणि *१७ दोन्हींची एकेक प्रत असेल तर इंटरमीडिएट (नॉर्मलपेक्षा कमी), वेगवान आणि बंद यांची सरासरी नॉर्मल असं गृहीत धरायचं नाही. तक्त्यात नसलेली जोडी आली तर स्क्रिप्ट काहीच लिहीत नाही, माणसाला बोलावते. आणि *१ म्हणजे "आम्ही बघितलेले तीन बदल सापडले नाहीत" एवढंच, बाकी जीन कोणी वाचलेला नाही. हे वाक्य रिपोर्टमध्ये वरच छापतो, खाली बारीक अक्षरात नाही.

"सगळे नॉर्मल रिपोर्ट आपोआप सुटू देत का" असं मॅनेजमेंटने विचारलं. नाही. प्रत्येक रिपोर्टवर मॅडमची नजर आणि सही, शेजारी कर्व्ह आणि ठिपक्यांचं चित्र. पूर्वी टायपिंग तपासण्यात जो वेळ जायचा तो आता चित्र बघण्यात जातो. रोबोच्या आणि पीसीआरच्या कुठल्याही फाइलमध्ये पेशंटचं नाव नसतं, फक्त आयडी.

१८ जुलै, शुक्रवार

जुनी पद्धत बंद केली. आता आठवड्यातून तीन रन, प्लेटला १२ पेशंट. माणसाचा हात लागतो तो साधारण दीड तास, बाकी मशीन. रसायनाचा खर्च मात्र वाढला, प्रत्येक असेला चार कंट्रोल वेल आणि वाया जाणारं मिक्स. फिल्टर टिपचा खर्च तर डोळ्यात भरतो. पैसे वाचवायला हे करत असाल तर एवढ्या सॅम्पलवर वाचत नाहीत, रिपोर्ट लवकर जातो आणि सॅम्पलची अदलाबदल टळते.

नवीन लॉटचा प्रोब आला की कोनाचे पट्टे सरकतात, त्यामुळे जुन्या आणि नव्या लॉटवर तीच सॅम्पल लावल्याशिवाय नवा लॉट चालू करायचा नाही, स्क्रिप्टमध्ये लॉट नंबर स्कॅन केल्याशिवाय रन सुरूच होत नाही.

पुढचं एनयूडीटी१५. ल्युकेमियाच्या मुलांना ६-एमपी (केमोचं औषध) देण्याआधी हा जीन बघितला तर डोस सुरुवातीलाच कमी करता येतो, आशियाई लोकांमध्ये टीपीएमटी या त्याच औषधाशी संबंधित जीनपेक्षा याचा प्रश्न मोठा. प्रोब मागवलाय. अडचण रक्ताची आहे: याच पेशंटचं पांढऱ्या पेशींचं काउंट एकतर लाखाच्या वर, मग बीड्स (एक्स्ट्रॅक्शनमध्ये डीएनए धरणारे बारीक मणी) गच्च होऊन चिकट गोळा होतो, किंवा केमोनंतर अगदी खाली, मग डीएनएच निघत नाही. नेहमीचं २०० मायक्रोलिटर आणि नेहमीचं दहापट पातळ करणं इथे चालणार नाही. सीबीसीचा आकडा एलआयएसमध्ये आधीच असतो, तो स्क्रिप्टला वाचायला लावून रक्त किती घ्यायचं ते स्क्रीनवरच दाखवायचं ठरलंय. सोमवारपासून ते, उरलेल्या जुन्या रक्तावर ट्रायल.